सगळ्यांच्या हॉलमध्ये होम थिएटर बसवताना

आमच्या हॉलमध्ये एकीकडे सिनेमा चालतो, दुसरीकडे कुणाचा तरी अभ्यास. जुन्या सेटची अडचण अशी, की संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच स्फोटाला शेजारची खोली हादरायची.

५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे बासचा, खोल आवाजाचा स्पीकर) बहुतेक संवाद सेंटर, म्हणजे मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून पैसे आधी तिथे घातले. तो डाव्या-उजव्या स्पीकरच्याच मालिकेतला घेतला. नाहीतर आवाज पडद्यावर एका बाजूकडून दुसरीकडे जाताना वेगळाच वाटतो. कपाटात आत न ढकलता अगदी कडेला आणला आणि तोंड जरा वर, बसणाऱ्याच्या कानाकडे केलं. सगळ्यात मोठा फरक इथेच पडला.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो आणि भिंतीपलीकडे घुमतो. मग योग्य जागा शोधायला तो सोफ्यावर, आम्ही बसतो तिथे ठेवला, गाणं लावलं आणि खोलीभर रांगत फिरलो (घरचे हसतात, हसू द्यावं). बास जिथे स्वच्छ ऐकू आला, ती त्याची जागा. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा, ८० हर्ट्झवर ठेवला. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे सबवूफर टीव्हीशेजारीच हवा असं नाही.

सराउंड स्पीकर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, भिंतीवर लावले. जमिनीवर वायर नको होती.

रात्री रिसीव्हरचा (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राचा) नाइट मोड लावतो. तो मोठे आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. सिनेमाचा दणका थोडा जातो खरा, पण संवादासाठी रिमोट हातात धरून बसावं लागत नाही.