कारखान्यातील मोजमाप: एकके बिनचूक कशी वापरावीत

नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्यापुढे सुरुवातीलाच अनेक पद्धतींची मापे येतात: ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, पाइपची फिटिंग इंचात, कॉम्प्रेसरचा गेज बार किंवा पीएसआय या दाबाच्या एककांत, आणि अनुभवी फिटरची तोंडी सूचना सुतात. यांपैकी कोणतीही पद्धत चुकीची नाही. चूक होते ती एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीत वाचला जातो तेव्हा.

म्हणून ड्रॉइंग हाती आले की आधी टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगवरील माहितीची चौकट, वाचावा. ‘सर्व मापे मिमीमध्ये’ असा उल्लेख नसेल, तर अंदाजाने काम सुरू न करता डिझाइन विभागाकडून लेखी खुलासा घ्यावा. तोंडी माप मिळाल्यास ते मिमीमध्ये लिहून सांगणाऱ्याला वाचून दाखवावे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्थात ३.१७५ मिमी, ते सोयीसाठी ३ मिमी धरले, तर आठ सुतांत तब्बल १.४ मिमीचा फरक पडतो. बोल्टच्या बाबतीत तर डोळ्यांवर मुळीच विसंबू नये. एम १२ आणि अर्धा इंची बोल्ट शेजारी ठेवले तर सारखेच भासतात, पण एकाचा व्यास १२ मिमी आणि दुसऱ्याचा १२.७ मिमी असतो आणि आट्यांमधील अंतरही वेगळे असते, त्यामुळे पिच गेज (आट्यांमधील अंतर तपासण्याचे साधन) लावूनच खात्री करावी.

सर्वाधिक दक्षता टॉर्कच्या, म्हणजे बोल्ट आवळताना दिल्या जाणाऱ्या पिळाच्या, बाबतीत हवी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तेथील चूक जोडणी झाल्यावर दिसत नाही. पुष्कळ टॉर्क रेंचवर न्यूटन-मीटर आणि किलोग्रॅम-मीटर अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी असतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ९.८१ न्यूटन-मीटर, म्हणजेच ५ किलोग्रॅम-मीटरची सूचना असताना रेंच ५ न्यूटन-मीटरवर लावला, तर बोल्टला हव्या असलेल्या ताणाचा जेमतेम दहावा भाग मिळतो, तरीही रेंच नेहमीसारखाच ‘टक्’ आवाज देतो आणि कामगाराला जोडणी पूर्ण झाल्यासारखी वाटते. कामाच्या सूचनापत्रावर एकच एकक छापावे आणि शक्य असल्यास त्या जागी एकाच पट्टीचा रेंच द्यावा.

रूपांतर करताना गुणकालाही एकक जोडून लिहावे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन उड्डाणातच संपले, कारण लिटरवरून वजन काढताना १.७७ हा गुणक वापरला गेला होता. तो पौंड प्रति लिटरचा होता. किलोग्रॅमसाठी सुमारे ०.८ हवा होता. परिणामी विमानात गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले, आणि वैमानिकांना दोन्ही इंजिने बंद असताना ते कॅनडातील गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवावे लागले. गुणकाशेजारी ‘पौंड प्रति लिटर’ एवढे लिहून ते तपासले असते, तरी ही चूक जमिनीवरच सापडली असती.

सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांच्या अनेक नियंत्रकांवर जी २० म्हणजे इंच आणि जी २१ म्हणजे मिलिमीटर. प्रोग्रामच्या पहिल्या ओळींतच हा कोड असावा, कारण आधीच्या कामाचा इंच मोड तसाच राहिला तर १० मिमीची चाल २५४ मिमीची होते आणि टूल थेट चकवर (जॉब पकडणाऱ्या भागावर) आदळू शकते. नव्या प्रोग्रामची पहिली फेरी जॉब (घडवायचा धातूचा तुकडा) न लावता, टूल सुरक्षित उंचीवर ठेवून चालवावी आणि पडद्यावरील एकक स्वतः पाहिल्यानंतरच जॉब बांधावा.