इटलीत जेवायला बसल्यावर ऑर्डर कशी द्यायची आणि पदार्थ शेअर कसे करायचे

इटलीतल्या रेस्टॉरंटचा मेन्यू उघडला की आंतिपास्ती (स्टार्टर), प्रीमी (पास्ता, भात वगैरे), सेकोंदी (मांस-मासे), कोंतोर्नी (सोबतच्या भाज्या), दोल्ची (गोड) असे भाग दिसतात आणि आपल्या लोकांना टेन्शन येतं की हे सगळं प्रत्येकाने मागवायचं की काय. अजिबात नाही. तिथली माणसं पण रोज एवढं जेवत नाहीत, एक स्टार्टर आणि एक पास्ता घेऊन उठणारे भरपूर असतात.

आधी वेळ बघा. दुपारी साधारण साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतरच किचन चालू असतं, मधे बऱ्याच ठिकाणी बंद, त्यामुळे मुलं सोबत असतील तर संध्याकाळी सहाला जेवण मिळेल असं धरून चालू नका. आत गेल्यावर रिकामं टेबल दिसलं म्हणून थेट जाऊन बसू नका, दारात थांबून किती जण आहात ते सांगा.

बसलात की पाणी विचारतात, साधं हवं तर 'नातुराले', सोडा वाटणारं हवं तर 'फ्रित्सांते'. बाटली येते आणि तिचे पैसे लागतात.

आता शेअरिंग. आपल्याकडे सगळं टेबलाच्या मधे ठेवून प्रत्येकाने थोडं थोडं घ्यायचं हीच सवय, आणि ती सवय तिथे पूर्ण सोडायची गरज नाही, फक्त कुठे चालते ते कळलं पाहिजे. आंतिपास्तो मधे ठेवूनच खातात, चार जणांत दोन प्लेट पुरतात. कोंतोर्नो म्हणजे भाजी, सॅलड, बटाटे, ते पण तसंच. पास्ता मात्र ज्याचा त्याचा असतो. एकाच ताटात चौघांचे काटे बरं दिसत नाही आणि तोवर पास्ता गार पण होतो. दोघांत एक हवा असेल तर ऑर्डर देतानाच 'दा दिवीदेरे' म्हणा, बऱ्याच जागी किचनमधूनच दोन प्लेटमधे वाढून देतात. नंतर रिकाम्या प्लेट मागत बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण चौघांनी मिळून एकच पास्ता सांगून तासभर टेबल अडवू नका, माणशी निदान एक पदार्थ होईल एवढं मागवाच.

काही पदार्थ मुळातच शेअर करायचे असतात. फ्लोरेन्सचा बिस्तेक्का अल्ला फिओरेंतिना हा मोठा बीफ स्टेक वजनावर विकतात आणि किलोच्या आसपास असतो, मेन्यूतला भाव बऱ्याचदा एका एत्तोचा म्हणजे १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, तो अख्ख्या प्लेटचा समजलात तर बिल बघून धक्का बसेल, मासे घेताना पण हेच बघा. रिसोत्तो या भाताच्या पदार्थापुढे कधी कधी किमान दोन माणसांसाठी असं लिहिलेलं असतं. पिझ्झा माणशी एक आणि न कापता येतो, सुरी-काट्याने खायचा, वेगवेगळे मागवून आपापसात तुकडे बदलले तर कोणी काही म्हणत नाही.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे' म्हणजे मांस नको, मासे नको, आणि हे दोन्ही सांगायचं, कारण मिनेस्त्रोनेसारख्या भाज्यांच्या सूपमधे पण कधी डुकराचं मांस घालतात. शिवाय पार्मिजानो चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरून बनतं, ते चालत नसेल तर स्पष्ट सांगा. अशा वेळी मरिनारा पिझ्झा सगळ्यात सोपा, टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल आणि चीज नाहीच. आणि सीफूड पास्त्यावर चीज मागू नका, वेटर देईलही पण चव बिघडते हे माझं पण मत आहे.

दोल्चे एकच घेऊन दोन चमचे मागितले तरी चालतं. त्यानंतर कॉफी, ती साधी एस्प्रेसो, कापुचिनो सकाळचा.

बिल आपणहून आणत नाहीत, तुम्हाला घाई करायची नाही म्हणून, तेव्हा 'इल कोंतो, पेर फावोरे' म्हणून मागा. त्यात माणशी दोन-तीन युरो 'कोपेर्तो' लावलेला असेल तर तो टेबलाचा आणि ब्रेडचा आकार, फसवणूक नाही. रोम ज्या लाझिओ प्रदेशात येतं तिथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तोला बंदी घातली, तिथे बऱ्याच ठिकाणी ब्रेडचे पैसे वेगळे दिसतात आणि ब्रेड नको असेल तर आल्या आल्याच परत करता येतो. टीप सक्तीची नाही, 'सेर्वित्सिओ' म्हणजे सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असेल तर वर काही ठेवायची गरज नाही, नसेल आणि जेवण आवडलं असेल तर एखाद-दोन युरो ठेवा. चौघांची वेगवेगळी बिलं मात्र मागू नका, एकाने भरा आणि हिशोब मुक्कामाच्या हॉटेलवर जाऊन करा.