सेंट लुसियाला हनिमूनला जाताय? मग हे वाचा

आधी विमानतळ बघा. कॅरिबियनमधल्या या बेटावर दोन आहेत. लांबची विमानं दक्षिण टोकाला, हेवानोरावर उतरतात, आणि बरीचशी हॉटेलं उत्तरेला, रॉडनी बेकडे. मधला रस्ता वळणावळणाचा, दीड तास सहज जातो. माझं ऐकाल तर निम्मा मुक्काम सूफ्रिएर गावात ठेवा, पिटॉन डोंगरांचे दोन सुळके तिथेच आहेत. त्यातला ग्रो पिटॉन चढायचा तर स्थानिक वाटाड्या घ्या आणि पहाटे निघा. नव्या नवरीचे नाजूक सँडल खोलीतच राहू द्यात.

सल्फर स्प्रिंग्ज, म्हणजे गंधकाच्या गरम झऱ्यांच्या चिखलात लोळायलाच हवं. पण त्याआधी जोडवी, पैंजण, चांदीचं जे काही असेल ते काढून ठेवा, गंधकाने काळं पडतं. पोहण्याचे कपडे गडद आणि जुने घाला, डाग जात नाहीत. वास? सडक्या अंड्यांचा. पाच मिनिटांत नाक मरतं.

जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. दर उतरतात खरे, पण मी तरी फेब्रुवारी-मार्चच सांगेन. अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर तिथला व्हिसा आधी हातात हवा, नुसत्या ट्रान्झिटलाही लागतो.

चलन ईस्ट कॅरिबियन डॉलर, एका अमेरिकन डॉलरला 2.70. टॅक्सीत बसण्यापूर्वीच भाडं ठरवा आणि कुठला डॉलर तेही विचारा. शाकाहारी असाल तर ठेपले न्याच.

आणि हो, नवरोबांची ती लष्करी छापाची चड्डी घरीच ठेवा. तिथे कायद्याने बंदी आहे.