कायम चुंबकाचा मॅग्नेटिक चक कसा तयार करावा

सरफेस ग्राइंडरवर (धातूचा पृष्ठभाग घासून सपाट करणाऱ्या मशीनवर) जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, धरणारा मॅग्नेटिक चक बनवताना सर्वांचे लक्ष चुंबकाच्या ताकदीकडे जाते. प्रत्यक्षात चकाची पकड ठरते ती वरच्या प्लेटमधील पितळेच्या पट्ट्यांवर, कारण चुंबकीय प्रवाहाला जवळची वाट बंद करून त्याला जॉबमधून जायला भाग पाडण्याचे काम त्याच करतात.

वरच्या प्लेटमधील पोलसाठी, म्हणजे प्रवाह जॉबपर्यंत नेणाऱ्या पट्ट्यांसाठी, कमी कार्बनचे माइल्ड स्टील घ्यावे. ते सुमारे 2 टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय प्रवाहाच्या घनतेचे एकक) प्रवाह वाहून नेते आणि चुंबक दूर होताच चुंबकत्व बहुतांशी सोडून देते. कठीण केलेले पोलाद वापरल्यास चक बंद करूनही जॉब चिकटून राहतो. स्टील आणि पितळेच्या पट्ट्या आलटून-पालटून रचून इपॉक्सीने (घट्ट चिकटणाऱ्या रेझिनने) किंवा ब्रेझिंगने (वितळवलेल्या मिश्रधातूने सांधून) जोडाव्यात. पातळ जॉबसाठी पट्ट्या बारीक घ्याव्यात, उदाहरणार्थ 1.5 मिलिमीटर स्टील आणि 0.5 मिलिमीटर पितळ. जाड जॉबसाठी रुंद पोल हवेत, म्हणजे प्रवाह खोलवर शिरतो. जोडात पोकळी राहिली तर तिथून कूलंट (ग्राइंडिंग करताना थंडाव्यासाठी सोडलेला द्रव) आत झिरपते आणि चकाचे आयुष्य घटते.

आतला चुंबकसंच हा या कामाचा गाभा आहे. त्यात स्टीलच्या पट्ट्यांमध्ये चुंबक आडवे बसवतात आणि प्रत्येक पट्टीला दोन्ही बाजूंनी एकच ध्रुव भिडेल, म्हणजे एका पट्टीला उत्तर तर शेजारच्या पट्टीला दक्षिण, अशी रचना करतात. निओडिमियमचे चुंबक ठिसूळ असून एकमेकांवर झेपावतात, त्यामुळे बोटे सांभाळावीत. त्यांचा साधा दर्जा सुमारे 80 अंश सेल्सिअसच्या पुढे ताकद गमावू लागतो, म्हणून ब्रेझिंग आधीच उरकावे.

लिव्हर फिरवल्यावर एक्सेंट्रिक (केंद्र बाजूला असलेली फिरणारी चकती) हा संच सरकवतो. संचातील पट्ट्या वरच्या पोलखाली नेमक्या आल्या की चक चालू होतो. त्या इतक्या सरकल्या की वरचा प्रत्येक पोल एकाच वेळी उत्तर व दक्षिण पट्टीला टेकला, की प्रवाह प्लेटमध्येच वळून परततो आणि जॉब सुटतो. हे अंतर चुकले तर चक पुरता बंद होत नाही. संच आणि प्लेट यांचे भिडणारे पृष्ठभाग ग्राइंड केलेले असावेत, कारण हवेची थोडी फटही पकड खाते.

शेवटचे ग्राइंडिंग चक ज्या मशीनवर वापरायचा त्याच मशीनवर, तो चालू ठेवून, भरपूर कूलंट आणि हलक्या कटाने करावे. चुंबकाच्या ओढीने प्लेट किंचित खाली खेचली जाते. बंद स्थितीत सपाट केलेला पृष्ठभाग चालू करताच तसा राहीलच असे नाही.