तुरुंगाचा अभ्यास मुलाकातीच्या रांगेत सुरू होतो

तुरुंगावर पीएचडी करायची म्हणजे बराकीत जाऊन कैद्यांशी बोलायचं, असं मला वाटायचं. परवानगी मिळायला आठ महिने लागले. तोवर मी गेटबाहेर मुलाकातीच्या रांगेत उभी राहू लागले.

तिथे एका मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्यांचा कागद काढून दाखवला. मुलाला जामीन मंजूर होऊन पंचवीस दिवस झाले होते. "मग अजून आत कसा?" मी विचारलं. "पंधरा हजाराचा जामीनदार पाहिजे, ताई. आमच्या वस्तीत सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, असं मी तोवर धरून चालले होते. माझ्या प्रबंधाचा विषय त्या दिवशी बदलला. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली निघालेला नाही असे. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. हे प्रत्यक्षात होतं का, एवढ्या एका प्रश्नावर आजही दोन-तीन प्रबंध सहज उभे राहतील.

नव्याने येणाऱ्यांनी आधी रोजनामा, म्हणजे खटल्याच्या प्रत्येक तारखेची कोर्टातली नोंद, वाचायला शिकावं. 'आरोपीस हजर केले नाही' ही ओळ एकाच खटल्यात किती वेळा येते ते मोजा. कच्च्या कैद्याला जास्तीत जास्त किती काळ आत ठेवता येतं हे सांगणारं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ तोंडपाठ हवं. काम जवळून पाहायचं असेल, तर टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात आहे. कैद्याला गुन्हा काय केला हे विचारू नका. खटला चालू असतो, आणि त्याचं उत्तर त्याच्यावर उलटू शकतं. 'बघते काहीतरी' असंही म्हणू नका. तो त्या शब्दावर महिनाभर काढतो.

पुढे स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेकडे वळायचं असेल तर जरूर वळा, त्यावर काम करणारी माणसं कमी आहेत. ब्रिटनमध्ये अशा स्थानबद्धतेला सहसा कायद्याने कमाल मुदतच नाही. आपल्या कच्च्या कैद्याला निदान पुढची तारीख असते. तिथल्या माणसाला भिंतीवर दिवस मोजायचे, तर ते कुठपर्यंत मोजायचे हेच माहीत नसतं.

त्या मावशींचा मुलगा पुढे वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटला. अर्ज विधी सेवेच्या वकिलांनी केला होता. मी फक्त त्यांचा पत्ता सांगितला होता.