रायडिंग जॅकेट घरी धुताय? या चुका टाळा

मोटरसायकलवर घालायची कापडी रायडिंग जॅकेटं पडून-घसरून जेवढी खराब होतात, त्यापेक्षा जास्त धुण्यात वाया जातात. निदान आमच्या दर्यापूरकडे तरी. शनिवारी सकाळी चिखलदऱ्याला निघायचं असतं आणि जॅकेट धुवायचं आठवतं शुक्रवारी संध्याकाळी. मग मूठभर पावडर, गरम पाणी, वरून मोगरी. मोगरीनं पँट धुवा, जॅकेट नाही. आतल्या बाजूला पाणी अडवणारा पातळ लेप असतो. आपटल्यानं त्याला भेगा पडतात आणि पुढं त्याचे पापुद्रे निघायला लागतात.

पॅड आत ठेवून धुणं

हे पाहिलं की माझं डोकंच फिरतं. खांद्याला, कोपराला आणि पाठीला जे पॅड असतात ते काढता येतात. आतून वेल्क्रोचा कप्पा असतो, दोन मिनिटांचं काम. पण तेवढा धीर नाही.

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं मे महिन्यात पॅडसकट जॅकेट भिजवलं, पिळलं (पॅडसकट पिळलं!) आणि दोरीवर टाकलं. वरचं कापड वाळलं, पॅड आत ओलेच. दोन दिवसांनी वास सुटला तेव्हा त्यानं पॅड काढले आणि भर दुपारी टिनावर ठेवले. इकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो, टिनाला हात लावायची सोय नसते. संध्याकाळी माझ्याकडे आला.

"भाऊ, पाहा बरं, कोपराचं पॅड बसूनच नाही राह्यलं."

बसणार कसं? कोपराला बसणारा खोलगट आकार जाऊन ते भाजलेल्या पापडासारखं वेडंवाकडं झालं होतं. एका कडेला बोटानं दाबलं तर तुकडाच हातात आला.

"तापवून वाकवू का परत?"

नाही रे बाबा. पॅडचं काम धक्का पिण्याचं. फोम कडक झाला की ते काम संपलं, आकार परत आणून काय करणार? पॅडवर ईएन १६२१-१ हा युरोपियन सुरक्षा मानकाचा नंबर आणि लेव्हल १ किंवा २ असं छापलेलं असतं (पाठीच्या पॅडवर १६२१-२). ते पाहून त्याच मापाचं नवीन घ्यायला लावलं. त्याला पैशाचं वाईट वाटलं, मला त्याच्या कोपराचं.

पॅड धुवायचेच नसतात. ओल्या फडक्यानं पुसायचे आणि घरात पंख्याखाली ठेवायचे. काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण डावं-उजवं आणि वरची बाजू हमखास विसरते. परत बसवले की जॅकेट घालून गाडीवर बसा, हँडल धरा आणि पॅड कोपरावरच येतं का ते चाचपा. आरशासमोर उभं राहून कळत नाही.

कपडे धुण्याची पावडर आणि वासाचं कंडिशनर

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरच्या पाण्यात फेस धड होत नाही, म्हणून लोक पावडर वाढवतात. ती शिवणीत अडकून राहते आणि काळं जॅकेट वाळलं की त्यावर पांढरे ओघळ दिसतात. ओघळांचं एक वेळ चालेल. पण साबणाचा अंश राहिला की कापड पाणी झटकायच्या ऐवजी ओढून घेतं. कंडिशनरचं त्याहून वाईट. त्याचा थर वरच्या पाणीरोधक लेपावर आणि आतल्या लायनरच्या, म्हणजे काढता येणाऱ्या अस्तराच्या, बारीक छिद्रांवर बसतो.

एका ओळखीच्या गड्यानं घामाचा वास जावा म्हणून झाकणभर कंडिशनर ओतलं. पुढं पावसात परतवाड्याहून वर चढताना त्याचा मला फोन: "दादा, जॅकेट तं गयून राह्यलं, कंपनीनं फसवलं." कंपनीनं काही केलं नव्हतं. जॅकेट हातात घेतलं तर चार हात लांबून फुलांचा वास येत होता. साध्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढलं, वाळवलं, मग पाणीरोधक स्प्रे मारला, तेव्हा कुठं थेंब वरून घरंगळायला लागले. स्प्रे कंडिशनरपेक्षा कितीतरी महाग पडतो, हे त्याला मी मुद्दाम ऐकवलं.

मी लिक्विड डिटर्जंट वापरतो, तेही दोन झाकणं, आणि पाणी साधंच. आतल्या पट्टीवर बादलीच्या चित्रात ३० लिहिलं असेल तर तीस अंशांच्या वर जायचं नाही. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको, इस्त्रीवर फुली म्हणजे इस्त्री नको. लायनर काढून वेगळा धुतो. मळ कॉलर आणि मनगटांवरच असतो, तिथं मऊ ब्रश. शेवटचं खंगाळणं नळाच्या पाण्यात, आणि नळ आला नसेल तर जारच्या. जॅकेटसाठी जारचं पाणी म्हणून घरचे हसतात. हसू द्या.

बाकीच्या चुका, पटापट

खिसे न तपासणं. खर्र्याची (तंबाखू-सुपारीची) पन्नी आत राहिली की अस्तरावरचा डाग कायमचा.

वेल्क्रो उघडं ठेवणं. त्याची काटेरी बाजू जाळीचं कापड ओरबाडते. चेन आणि वेल्क्रो लावूनच भिजवा.

डांबराच्या डागावर पेट्रोलचा बोळा. डाग जातो, लेपही जातो. खाण्याचं तेल थोडं चोळा, मग भांड्याचं लिक्विड.

मशीनच्या ड्रायरमध्ये टाकणं. पाणी न सोडणारं कापड आत फुगा धरतं, तोल जातो आणि मशीन नाचायला लागते.

उन्हात वाळवणं. नायलॉन उन्हानं कमजोर होतं आणि रंगही उडतो. सावलीत, रुंद हँगरवर, चेन उघडून. तारेवर दुमडून टाकलं तर घडीतच ओल राहते.

दर आठवड्याला धुणं. काही नवशिके असंही करतात. छातीवर चिकटलेले किडे घरी आल्या आल्या ओल्या फडक्यानं पुसले की पूर्ण धुणं वर्षातून दोनदा पुरतं. मी एकदा दिवाळीनंतर धुतो आणि एकदा उन्हाळ्यात, मृगाच्या आधी. श्रावणात धुवायला काढू नका, चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास लागतो तो वेगळाच.