पुस्तकाच्या कार्यक्रमात आवाज कापत असेल तर

लक्षण असं: माइकसमोर उभं राहिलं की सुरुवातीलाच आवाज चिरकायचा, घशाला कोरड, हातातला कागद फडफडायचा. वाशी असो की ठाणे, तेच. भाषण पाठ करणं, आरशासमोर सराव, खडीसाखर, कशाचा काही उपयोग नाही. पुस्तक लिहिलंच कशाला, इथवर वैताग आला होता.

नौपाड्यातल्या कार्यक्रमात जमलं, ते या क्रमाने. लोक यायच्या आधी पोचून रिकाम्या सभागृहात माइकवर एक परिच्छेद मोठ्याने वाचला. माइक स्टँडवरच, तोंडापासून वीतभर. नाव पुकारायच्या आधी खुर्चीतच श्वास: ४ आकडे मोजत आत, ६ मोजत बाहेर. सोडलेला श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. खरी मेख तीच. मग ‘नमस्कार’ म्हणून थेट उतारा, तोही संवादाचा. पात्राच्या तोंडचं बोलताना माझा आवाज मोकळा होतो, मनोगतात तो हमखास अडकतो. उतारा १८ पॉइंटमध्ये, जाड कार्डावर, वरच्या अर्ध्या भागातच छापलेला, म्हणजे मान खाली जात नाही आणि कार्ड फडफडतही नाही. मनोगत आणि आभार त्यानंतर. आयोजक आधी मनोगताचाच आग्रह धरतात, त्यांना फोनवरच सांगून ठेवा.